करडा चौकोन मातकट दिसतोय? आधी मागची भिंत बघा

तुमची पोस्ट वाचली आणि आमच्या हॉलमधला जुना घोळ आठवला, म्हणून जरा लांबच लिहितोय. तुम्ही मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीतल्या प्रदर्शनातून चौकोनांचं पेंटिंग घेतलं, तिथे मधला करडा चौकोन छान निळसर वाटत होता, इंदिरानगरच्या घरी लावल्यावर तोच मातकट दिसायला लागला आणि आता तुम्हाला शंका येतेय की आर्टिस्टने दुसरंच पेंटिंग पाठवलं की काय. त्यांना फोन करायच्या आधी थांबा. तुम्हीच खाली लिहिलंय की पेंटिंगला मॅचिंग म्हणून मागची भिंत मोरपंखी करून घेतली. माझ्या मते सगळं तिथेच अडलंय. (मी आर्टिस्ट नाही, इंटिरियरवालाही नाही, आणि मोबाईलच्या फोटोवरून बोलतोय, तेवढं धरून चाला.)

गॅलरीच्या पांढऱ्या भिंतीवर त्या करड्यातला जरासा निळा डोळ्याला कळत होता. आता शेजारी एवढा गडद निळा-हिरवा आल्यावर तो जरासा निळा मोजणीतच येत नाही, उलट डोळा त्या करड्याला विरुद्ध बाजूला ढकलतो, म्हणजे तांबूस-मातकटाकडे. हे जुनं प्रकरण आहे. पॅरिसच्या गोबेलिन्स या भिंतीवरचे चित्रपट विणणाऱ्या कारखान्यात शेव्हरल नावाचा केमिस्ट रंगखात्याचा प्रमुख होता, त्याच्याकडे तक्रार आली की काळा रंग फिका पडतोय. त्याने तपासलं तर रंग चोख होता, शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा मरगळलेला दिसत होता. हा नियम त्याने 1839 मध्ये सविस्तर मांडला. जोसेफ आल्बर्स या चित्रकाराने तर 1950 पासून 1976 मध्ये जाईपर्यंत मुख्यतः चौकोनात चौकोन हेच रंगवलं, हजाराच्या वर चित्रं, आणि त्यात शेजार बदलला की तोच रंग कसा वेगळा वागतो हाच सगळा शोध. त्यामुळे अशा पेंटिंगमागे रंगीत भिंत लावणं म्हणजे आर्टिस्टला न विचारता सर्वात बाहेरचा एक चौकोन आपण वाढवणं. इंटिरियरवाले सरसकट 'पेंटिंगमधला एक रंग उचलून भिंतीला द्या' सांगतात, ते फुलांच्या किंवा देखाव्याच्या चित्राला चालत असेल, भौमितिकला बहुतेक वेळा घात करतं. येवल्याची पैठणी घरात असेल तर काढून बघा, उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, पदर हलवला की तिसराच रंग दिसतो, रंगाला शेजाराशिवाय अस्तित्व नाही हे आपल्याकडे विणणाऱ्यांना केव्हापासून माहीत आहे.

तपासायला सोपं आहे. पांढरे चार्ट पेपर जोडून पेंटिंगच्या चारी बाजूंनी हात-दीड हात पांढरं दिसेल असे मागे लावा आणि सकाळी अकराच्या सुमारास, सगळे दिवे बंद ठेवून बघा. निळसर परत आला तर पेंटरला बोलवा आणि ती भिंत साधी पांढरी करा. क्रीम किंवा आयव्हरी नको.

आता ज्याने माझं खरं नुकसान केलं ते सांगतो, कारण तुम्ही शेवटी विचारलंय की फ्रेम इथेच करून घेऊ का. माझं पेंटिंग नव्हतं, कागदावरचा सेरिग्राफ होता (जाळीच्या पडद्यातून रंग दाबून हाताने काढलेली प्रिंट), पट्ट्यांचा, चारी बाजूंनी रुंद पांढरी बॉर्डर आणि खाली पेन्सिलने आर्टिस्टची सही आणि एडिशन नंबर, म्हणजे मोजक्या प्रतींपैकी ही कितवी ते. शहरातल्या एका फ्रेमच्या दुकानात (नाव घेत नाही) दिला आणि बॉर्डर सोडून साधी बारीक फ्रेम करा असं नीट लिहून दिलं. हातात आलं ते असं: बॉर्डर साफ कापलेली, सही-नंबर त्याच्याबरोबर गेलेला, कागद पूर्ण हार्डबोर्डला चिकटवलेला, वर क्रीम माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) आणि सोनेरी पट्टी. फिकट पिवळा पट्टा त्या क्रीममध्ये विरघळून गेला, आणि त्याच्या शेजारचा राखाडी जो पिवळ्यामुळे किंचित जांभळट दिसायचा तो नुसता सिमेंट. दुकानदार म्हणाला, 'सगळे असंच करून घेतात, भारी दिसतं.' कापलेला कागद मागितला तर कचऱ्यात गेला म्हणे. पैसे परत देतो म्हणाला, फ्रेमचे. प्रिंटच्या किमतीचं काय, आणि किंमत सोडा, आर्टिस्टने मोजून ठेवलेलं पांढरं गेलं त्याचं काय? अजून लिहिताना संताप येतो. सोडवून घेता येईल का विचारलं, जाणकारांनी सांगितलं की कागदाचा वरचा थर निघून येईल.

म्हणून कागदावरचं काम असेल तर 'कापायचं नाही, चिकटवायचं नाही' हे पावतीवर लिहून घ्या आणि देण्याआधी चारी कडांसकट फोटो काढा. पद्धत अशी की ॲसिड-फ्री बोर्डवर वरच्या कडेला जपानी कागदाचे दोन छोटे हिंज, म्हणजे कागद टांगणाऱ्या पट्ट्या, गव्हाच्या खळीने, बाकी कागद मोकळा. तुमचं कॅनव्हास आहे म्हणता, मग काच नकोच, कडेपासून थोडी जागा सोडणारी पांढरी किंवा फिक्या लाकडाची फ्लोटर फ्रेम पुरे. काही जण तीही लावत नाहीत, मला ते पटतं.

दिव्यांचं थोडक्यात. फॉल्स सीलिंगमधले पिवळे स्वस्त एलईडी निळ्याला मारतात, आणि 6500 केल्विनची लांब एलईडी पट्टी लाल-केशरीला थंड करते (केल्विनचा आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर, लहान तितका पिवळा). मी 4000 केल्विन, सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, जास्तीत जास्त 100) 90 च्या वरचा स्पॉट घेतला, खोक्यावर लिहिलेलं असतं, नसेल तर घेऊ नका. आल्बर्सही काम करताना उष्ण आणि थंड दोन्ही ट्यूबखाली बघायचा. कोणाला 3000 आवडतो, असू दे, पण सीआरआयवर तडजोड नको.

आणि ती भिंत बाहेरची असेल तर आपल्याकडे पावसाळ्यात ओल येतेच, विशेषतः पश्चिमेची. फ्रेमच्या मागे चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा म्हणजे मागून हवा खेळते. जुलै-ऑगस्टमध्ये अधूनमधून उतरवून मागची बाजू बघत जा, बुरशीचे ठिपके आधी तिथेच येतात.