मडगावात दुसऱ्या मजल्यावर सहा फुटी फिश टँक: मजला पेलेल का, आणि मजबूत कसा करायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मडगावात 1988 सालच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, हॉल 11 बाय 14 फुटांचा. तिथं 6×2×2 फुटांची टाकी ठेवायची आहे आणि मेस्त (गवंडी) म्हणतात, ‘वरून चार इंच काँक्रीट मारू, मजला पक्का होईल.’ मारावं का?

मारू नका. बाकीचं उत्तर वाचलं नाहीत तरी चालेल, पण हे काँक्रीट घालू नका. मी फोंड्याकडे इमारतींच्या दुरुस्तीची कामं करतो आणि घरी मासेही पाळतो, त्यामुळे हा प्रश्न दोन्ही बाजूंनी माझ्याकडे येत असतो. निम्म्या वेळा त्याच्यासोबत वरच्या काँक्रीटचा हा सल्ला असतोच.

आधी त्या चार इंचांचंच वजन काढा. काँक्रीट घनमीटरला साधारण 2400 किलो. चार इंच जाडीला म्हणजे चौरस मीटरमागे 240 किलो. तुमचा हॉल 14 चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ साडेतीन टन. आपल्याकडे राहत्या घराच्या खोल्यांसाठी आयएस 875 या भारतीय मानकात वापराचा भार धरलाय चौरस मीटरला 200 किलो. माणसं, सोफा, कपाट सगळं त्यातच. हॉलभर ते पावणेतीन-तीन टन होतं. म्हणजे टाकी आणण्याआधीच, मजला मजबूत करायच्या नावाखाली, सगळी शिल्लक संपली आणि वर कर्ज झालं. स्लॅबची ताकद असते खालच्या बाजूच्या सळईत. वर नुसतं काँक्रीट ओतलं तर ते जुन्या स्लॅबवर पडून राहतं, त्याला उचलून धरत नाही. जुनं-नवं एकजीव होईल अशा खुंट्या बसवून जाडी वाढवायची पद्धत आहे, पण ती हिशेब करून, नकाशा काढून करायची गोष्ट आहे. मेस्तांच्या मनात ते नाही, त्यांच्या मनात कोबा आहे.

आता टाकी. एक घनफूट म्हणजे 28.3 लिटर, तुमची टाकी 24 घनफुटांची, म्हणजे काठोकाठ 680 लिटर, तितकेच किलो. 12 मिमी काच असेल तर तिचं वजन 120 किलोच्या घरात. रेती आणि दगड शंभरेक, स्टँड ऐंशी. खाली संप (पाणी गाळायची जोडटाकी) ठेवणार असाल तर तोही धरा. सरळ एक टन म्हणा. हा टन बसतो 12 चौरस फुटांवर, म्हणजे चौरस मीटरला 900 किलो. 200 शी तुलना केली की घाबरायला होतं, आणि इंटरनेटवर लोक इथंच थांबून ‘अजिबात ठेवू नका’ म्हणून मोकळे होतात. तेही बरोबर नाही. ते 200 किलो अख्ख्या हॉलभर एकदम पसरलेले धरलेले असतात आणि टाकीच्या आजूबाजूचा स्लॅबही भार वाटून घेतो. टन पेलतो की नाही यापेक्षा तो टन कुठं आहे, हे महत्त्वाचं.

दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात, चवथीला घुमट वाजवून आरती होते तेव्हा आमच्या हॉलमध्ये तीस माणसं उभी असतात, काही होत नाही. खरं आहे, तीस माणसं म्हणजे अठराशे-दोन हजार किलो. पण ती खोलीभर पसरलेली असतात आणि आरती झाली की प्रसाद घेऊन घरी जातात. टाकी जात नाही. रात्रंदिवस, वर्षानुवर्षं तोच भार राहिला की काँक्रीट हळूहळू वाकत जातं. पहिल्या दिवशी जेवढं वाकलं त्याच्या दुपटीहून जास्त वाक पुढच्या काही वर्षांत येऊ शकतो. स्लॅब लगेच पडत नाही. पण लादी फुगते, टाकी एका कोपऱ्याला झुकते, सिलिकॉनच्या सांध्यावर ताण येतो.

म्हणून पहिला प्रश्न ‘मजबूत कसा करू’ हा नाही, ‘बीम कुठं आहे’ हा आहे. तुमच्या हॉलचा स्लॅब 11 फुटांच्या दिशेनं एका बीमवरून दुसऱ्या बीमवर गेलाय असं धरू. टाकी मधोमध ठेवली तर स्लॅबला जेवढा वाकवणारा जोर बसेल, त्याच्या 40 टक्केच जोर ती त्या बीमवरच्या भिंतीला लांबी लावून चिकटवून ठेवल्यावर बसतो. एक रुपया खर्च न करता साठ टक्के काम झालं. बीम शोधायला वरून काही दिसत नाही, खालून दिसतं. खालच्या फ्लॅटवाल्यांकडे चहाला जा आणि वर बघा. स्लॅबच्या खाली उतरलेली जाड पट्टी म्हणजे बीम. इमारतीला खाली खांबांवरचं पार्किंग असेल तर तिथंही मान वर करा. बीम बहुतेक वेळा सगळ्या मजल्यांवर एकाखाली एक असतात, पण बहुतेक म्हणजे नेहमी नव्हे. आणि भिंत आहे म्हणजे खाली बीम आहेच असंही समजू नका. चार इंची आडभिंत कित्येकदा नुसत्या स्लॅबवर उभी असते, तिथं टाकी लावणं म्हणजे ओझ्यावर ओझं.

बंद करून खोलीत घेतलेली बाल्कनी मात्र विसरा. तिचा हिशेब चौरस मीटरला 300 किलोनं केलेला असतो, हा आकडा वाचून लोकांना ती जास्त मजबूत वाटते. पण ती एका बाजूनं लटकलेली असते, तिची सळई वरच्या अंगाला असते आणि आपल्या पावसात तीस-पस्तीस वर्षं तिथंच पाणी मुरलेलं असतं.

इथं गोव्याचा मुद्दा येतो, आणि मला विचाराल तर तुमच्या बाबतीत तोच सगळ्यात मोठा आहे. वर केलेला सगळा हिशेब 1988 च्या नव्या कोऱ्या स्लॅबचा. आजचा स्लॅब तो नाही. खारी हवा, चार महिने ओल, त्यात भरतीचं पाणी चढणाऱ्या नदीतली रेती न धुता वापरली असेल तर मीठ आतच. सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा मागतो आणि खालचं काँक्रीट फोडून बाहेर ढकलतो. त्या काळी सळईखाली काँक्रीटचं कव्हरही बऱ्याच ठिकाणी नावापुरतंच ठेवलेलं सापडतं.

तपासायचं असं. खालच्या छताला आधी डोळ्यांनी पाहा: सळईच्या रेषेत सरळ जाणारी चीर, विटकरी डाग, रंगाचा फुगा, पंख्याच्या हुकाभोवती सुटलेला गिलावा. मग स्टुलावर उभं राहून छोट्या हातोडीनं किंवा जड स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं फूटफूटभर अंतरावर ठोकत चला. चांगलं काँक्रीट कडक, टणक बोलतं. जिथं आवाज अचानक भरडा, पोकळ होतो तिथं खडूनं गोल करा. कधी नुसता गिलावाच सुटलेला असतो, तेवढं चालतं. पण गिलावा काढल्यावर आत तपकिरी पापुद्रे सुटलेली सळई दिसली आणि नखानं पापुद्रा निघाला, तर टाकीचा विषय बंद करा आणि सोसायटीच्या सभेत स्लॅबचा विषय काढा. असा मजला टाकीसाठी मजबूत करत नसतात, तो माणसांसाठी दुरुस्त करतात.

समजा स्लॅब निरोगी निघाला आणि टाकी बीमलगत बसतेय. तर मग स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा दाखवून, त्याचा लेखी शेरा घेऊन, पुष्कळदा काहीच मजबुतीकरण लागत नाही. स्टँड तेवढा नीट करा. चार पायांचा लोखंडी स्टँड असेल तर एकेका पायावर अडीचशे किलो येतात. पाय 40 मिमीच्या चौकोनी पाइपचा असेल तर चौरस सेंटीमीटरला पंधरा-सोळा किलो. लादीखाली मसाला पोकळ असेल तर लादी तडकलीच म्हणून समजा. पायांऐवजी खाली पूर्ण चौकट असलेला स्टँड करून घ्या. टाकीच्या काचेखाली थर्मोकोल किंवा फोम घालतात तो काचेला बारीक खडा टोचू नये म्हणून. त्यानं मजल्याचा भार कमी होत नाही. जाड प्लायवूडनंही फारसा होत नाही.

बीमलगत जागाच नसेल, टाकी मध्येच हवी असेल, तर आधार खालून द्यावा लागतो. दोन बीमच्या मध्ये, टाकीच्या बरोबर खाली, लोखंडी चॅनेल (C आकाराचे गर्डर) टाकायचे. अकरा फुटांच्या अंतराला 150 मिमीचे दोन चॅनेल लावले तर हा टन मध्यावर असूनही ते दोनेक मिलिमीटरच वाकतात, एवढी त्यांची ऐपत असते. खरी मेख टोकांना आहे. बीमला भोकं पाडून अँकर बसवताना आतली सळई कापली गेली तर एक दुखणं काढून दुसरं लावल्यासारखं होईल, म्हणून आधी यंत्रानं सळईची जागा शोधून मगच ड्रिल. दुसरी गोष्ट, चॅनेल आणि स्लॅब यांच्यात बारीकशी फट राहिली तर चॅनेल नुसता शोभेला. स्लॅब आधी वाकणार आणि मग कधीतरी चॅनेलला टेकणार. ती फट न आकसणाऱ्या ग्राउटनं (सिमेंटच्या मसाल्यानं) ठासून भरायची, टाकी रिकामी असतानाच. आणि चॅनेल गॅल्व्हनाइज केलेला घ्या किंवा झिंक प्रायमरवर इपॉक्सी रंग द्या, नाहीतर मडगावच्या हवेत थोड्याच वर्षांत तोच गंजायला लागेल.

अर्थात हे सगळं खालच्या माणसाच्या हॉलच्या छताला होणार. तुमच्या माशांसाठी त्याच्या डोक्यावर लोखंड. त्याची संमती, सोसायटीची लेखी परवानगी आणि इंजिनिअरचा सही केलेला नकाशा, तिन्ही लागतील. सेंटरिंगचे जॅक लावून टेकू देतो असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. ते स्लॅब ओतेपर्यंतचे पाहुणे.

तुमच्या प्रश्नाखाली एकांनी लोटलीच्या जुन्या घराच्या माडीबद्दल विचारलंय, त्यांच्यासाठी. लाकडी तुळयांच्या माडीवर टाकीची लांबी तुळयांना आडवी ठेवा, म्हणजे चार-पाच तुळया भार वाटून घेतात. समांतर ठेवली तर दोनच घेतात. तुळईचा मधला भाग छान काळाभोर दिसतो, त्याला भुलू नका. चिऱ्याच्या भिंतीत जिथं तिचं टोक शिरतं तिथं स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. पावसाची ओल भिंतीतून तिथंच जाते, वाळवीही तिथूनच चढते. टोक लोण्यासारखं गेलं असेल तर माडीवर टाकी नाहीच. शाबूत असेल तर खालच्या खोलीत टाकीखाली एक आडवी तुळई आणि तिला दोन खांब, खांबांना जमिनीत स्वतःचा पाया. नुसते लादीवर उभे केलेले खांब लादीच खाली ढकलतील. मी असतो तर टाकी खालीच ठेवली असती. तळमजल्यावर चौथऱ्यातली भर पोकळ नसेल तर 900 किलो काहीच नाही. आपली तांबडी कडक जमीन त्याच्या कितीतरी पट पेलते. भर खचलेली वाटली तर लादी काढून, माती धुमसून, सात बाय तीन फुटांचा सळई घातलेला चार इंची काँक्रीटचा पट्टा घाला. मेस्तांचं काँक्रीट इथं अगदी योग्य आहे, कारण खाली जमीन आहे.

टाकी भरायची घाई करू नका. पाव भरा, पाणसळ लावून चारही कोपरे बघा, रात्रभर ठेवा. मग अर्धी, मग पाऊण. दर वेळी काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांत पट्टीनं मोजून लिहून ठेवा. फरक वाढत गेला तर थांबून पाणी काढा. पहिल्या पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा मोजा, आणि खालच्यांच्या छताकडेही एक नजर टाका.

आणि थोडं स्पष्ट बोलतो. 1988 चा फ्लॅट, खाली डाग दिसतायत, बीम कुठं ते माहीत नाही, अशी अवस्था असेल तर चार फुटांची टाकी घ्या. 4×1.5×1.5 म्हणजे 255 लिटर, सगळं मिळून पावणेचारशे किलोच्या आत. डाग हा वेगळा विषय, तो तुम्हाला टाकी असो-नसो काढायचाच आहे. पण स्लॅब ठीक निघाला तर भिंतीलगत एवढ्या वजनाला सहसा काही करावं लागत नाही. ऑस्कर हा मोठा होणारा मासा पाळायचा हट्ट असेल तर गोष्ट वेगळी, त्याला चार फूटही लवकरच अपुरे पडतात.

खालच्या छताचे फोटो आणि बीमपासून बीमपर्यंतचं अंतर टाकलंत तर जागा कुठली बरी हे सांगता येईल. फोटो काढताना टॉर्च बाजूनं तिरका मारा, समोरून मारला की चिरा दिसत नाहीत.