कर्टचं पोस्टर आणि खिशातली स्ट्रिप

पत्र: ताई, मी मालवणचा, वय २४, ट्रॉलरवर खलाशी आहे. लहानपणापासून डब्ल्यूडब्ल्यूईचे पैलवान एडी गरेरो आणि कर्ट अँगल यांचा फॅन. खोलीत दोघांची पोस्टर आहेत. दादा म्हणतो, ‘त्या गर्दुल्ल्यांचे फोटो कित्याक लावलंस?’ त्यांना व्यसन होतं हे खरं, पण म्हणून त्यांना मानायचं नाही का? कर्टने मोडक्या मानेने ऑलिंपिकचं गोल्ड मारलं. माझीही गेल्या सीझनपासून कंबर धरलीय, पण मित्र गोळ्या आणून देतो त्या घेतो आणि जातो. एक फेरी चुकवली नाही. – एक फॅन

प्रिय फॅन,

पोस्टर राहू देत. दादाचं म्हणणं मला पटत नाही. त्या कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो, पण पाठीवर आपटणं खरंच असतं. आज या शहरात, उद्या त्या, असं ठणकतं अंग घेऊन वर्षभर फिरणाऱ्या माणसाला गर्दुल्ला म्हणून मोकळं होणं हा अन्याय आहे.

एडीला २००१ मध्ये त्याच्या कुस्ती कंपनीने रिहॅबला, म्हणजे व्यसनमुक्ती केंद्रात पाठवलं. त्याच वर्षी दारू पिऊन गाडी चालवताना तो पकडला गेला आणि नोकरीही गेली. तिथून सावरून तो परतला आणि फेब्रुवारी २००४ मध्ये ब्रॉक लेस्नरला हरवून चॅम्पियन झाला. पुढच्याच महिन्यात रेसलमेनियात, कंपनीच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमात, समोर कर्ट! कर्टने घोटा पिळायला धरला आणि एडीचा बूटच निसटला, कारण पठ्ठ्याने नाडी आधीच सैल करून ठेवली होती. तुला तोंडपाठ असेल ती मॅच. त्या रात्री एडी व्यसनातून बाहेर आलेला होता. कर्टला रिहॅबची पायरी चढायला २०१३ उजाडलं. आणि चार वर्षं निर्व्यसनी राहूनही एडी नोव्हेंबर २००५ मध्ये गेला, हृदय बंद पडून, अवघ्या ३८व्या वर्षी. त्यानंतर, २००६ मध्ये, कंपनीने पैलवानांच्या नियमित तपासण्या सुरू केल्या.

आता तुझ्या कंबरेचं. पत्रातल्या त्या ओळीने मला फार काळजी लागली. मोडक्या मानेचं गोल्ड १९९६ चं. पुढे मान पुन्हा पुन्हा दुखावली आणि तिच्यासाठी घेतलेल्या गोळ्यांतच कर्ट अडकला, हे त्याने स्वतः जाहीरपणे सांगितलंय. तू मेडलपर्यंतचाच कर्ट उचललास. मला २०१३ चा कर्ट जास्त मोठा वाटतो, ऑलिंपिक विजेता असून मदत मागायला गेलेला.

गोळीचं नाव तू लिहिलं नाहीस. साधी दुखण्याची असली तरी रोज घेऊन पोट आणि मूत्रपिंडं बिघडू शकतात. ट्रामाडॉलसारखी तीव्र वेदनाशामक असेल तर तिची सवय लागते, आणि मग ती स्वतःच्या मनाने एकदम बंदही करायची नसते, डॉक्टर हळूहळू कमी करतात. म्हणून स्ट्रिप खिशात घालून डॉक्टरकडे जा. ओरोसचं जिल्हा रुग्णालय तुला जवळ आहे. रोज किती घेतोस तो आकडा खरा सांग, आणि कंबरेचीही नीट तपासणी करून घे, मूळ दुखणं तिथेच आहे. जायला धीर होत नसेल तर आधी १४४१६ वर फोन कर. ती सरकारची मानसिक आरोग्यासाठीची मोफत टेलिमानस सेवा आहे, मराठीत बोलता येतं.

१ जूनला मासेमारी बंद झाली की बघू, असं मात्र म्हणू नकोस. याच आठवड्यात जा. बोटीवर तोल गेला तर खाली समुद्र आहे रे.

आणि दादाला सोबत ने. पोस्टरवरून भांडणारा भाऊ दवाखान्याच्या रांगेत तुझ्या शेजारी बसेल, याची मला खात्री आहे. डॉक्टर काय म्हणाले ते मला नक्की कळव.

– तुझी ताई