नऊपैकी पाच की सहा?

प्रश्न : चिरंजीव सोळा वर्षांचा, दहावीला ६८ टक्के. पुस्तक उघडलं की दहा मिनिटांत उठतो, वह्या हरवतो, पेपरात येत असलेले प्रश्नही सोडून येतो. दिवाळीत किल्ला करायला मात्र रात्रीचे दोन वाजले तरी हटत नाही. शाळेच्या सांगण्यावरून मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं. ते म्हणाले, ‘एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि चंचलपणाच्या त्रासाची, बरीच लक्षणं आहेत, पण निकषात पूर्ण बसत नाही.’ म्हणजे नक्की काय? असेल तर औषध देऊ, नसेल तर नाटकं बंद करू. मीही लहानपणी असाच होतो, वडिलांच्या पट्ट्याने सरळ झालो. आज इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आहे, दिवसाला चार साइट फिरतो. मुलाला इंटिग्रेटेड कॉलेजात (अकरावी-बारावी आणि जेईईचा क्लास एकाच ठिकाणी) घालून जेईईला बसवायचं आहे. मार्गदर्शन करावं.

उत्तर : नमस्कार. ६८ टक्के मला अजिबात खटकले नाहीत. खटकलं ते ‘नसेल तर नाटकं बंद करू’. म्हणजे रिपोर्ट आला की मुलगा एक तर आजारी, नाहीतर लबाड. तिसरी शक्यता तुम्ही ठेवलेलीच नाही, आणि त्याचं पुढचं शिक्षण या एका कागदावर ठरवायला निघालात.

डॉक्टर गुळमुळीत बोलले असं तुम्हाला वाटतंय. मला ते नेमके बोललेत असं वाटतं. एडीएचडी रक्ताच्या तपासणीत सापडत नाही. लक्ष न टिकण्याची नऊ लक्षणं आणि चंचलपणा-उतावळेपणाची नऊ, अशा दोन याद्या असतात. एका यादीतली किमान सहा लक्षणं सहा महिने तरी दिसली, घर आणि शाळा अशा दोन ठिकाणी दिसली, बाराव्या वर्षाआधीपासून असली आणि त्यापायी मुलाचं खरंच अडत असलं, तर निदान होतं. गंमत पुढे आहे. वयाच्या सतराव्या वर्षापासून सहाऐवजी पाच पुरतात. तुमच्या मुलात आज पाच असतील तर तो ‘बसत नाही’. पुढच्या वाढदिवसाला, त्याच्यात काडीचाही फरक न पडता, बसू शकेल. रेघ माणसांनी आखलीय. ही लक्षणं थोडीफार सगळ्यांतच असतात, कुणात कमी, कुणात जास्त. रक्तदाबाचंही तेच. १३५/८५ ला अमेरिकेतले डॉक्टर २०१७ पासून उच्च रक्तदाब म्हणतात, आपल्याकडे सहसा १४०/९० ची रेघ धरतात. पण १३५ वाल्याला कुणी ‘नाटकं बंद कर’ म्हणत नाही. मीठ कमी कर म्हणतात.

आता किल्ला. तो तुम्ही मुलाच्या विरोधात पुरावा म्हणून दिलाय, आणि बहुतेक आईवडील हेच करतात : ‘आवडीचं असलं की बसतो, म्हणजे लक्ष आहे, अभ्यासाचा आळस आहे.’ इथे मोठा गैरसमज आहे. या मुलांकडे लक्ष नसतं असं नाही. ते हवं तिथे, हवं तेव्हा वळवणं आणि वळवलेलं टिकवणं त्यांना जड जातं. हाताने करायचं, लगेच दिसणारं, रोज नवी अडचण उभी करणारं काम असलं की हीच मुलं जेवणाची हाक ऐकत नाहीत. बुरूज ढासळला तर त्याने काय केलं, माती बदलली की विटा लावल्या, हे तुम्ही कधी विचारलंय का? मार्कशीटपेक्षा मला त्यातून जास्त कळलं असतं.

आणि तुम्ही स्वतः! जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांनुसार माणसामाणसांतल्या या लक्षणांच्या फरकांत आनुवंशिकतेचा वाटा साधारण ७० ते ८० टक्के असतो. पत्रावरून मी तुमचं निदान करत नाही, तो माझा अधिकारही नाही. पण दिवसाला चार साइट फिरणाऱ्या माणसाला पट्ट्याने सरळ केलं यावर माझा विश्वास नाही. तुम्हाला तुमच्या स्वभावाला मानवणारं काम मिळालं. त्याच स्वभावाच्या मुलाला तुम्ही दोन वर्षं सकाळपासून रात्रीपर्यंत बाकावर बसवणार. तुम्ही बसला असतात?

याचा अर्थ ‘ही तर सुपरपॉवर’ म्हणणारी रील्स त्याला दाखवा असाही नाही. येत असलेला प्रश्न सोडून येणं हे नुकसानच आहे. निकषात बसत नसला तरी मदत मिळते. त्याच डॉक्टरांकडे परत जा आणि ‘आहे की नाही’ ऐवजी ‘रोजच्या दिवसात काय बदलू’ हे विचारा. औषधाचा निर्णय त्यांचा. तुमचाही नाही, माझाही नाही. लर्निंग डिसॅबिलिटीची, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातल्या अडचणीची, तपासणी वेगळी असते, तीही करून घ्या. दोन्ही गोष्टी पुष्कळदा बरोबरीने आढळतात, आणि बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळायला तिचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं.

जेईई, सीईटी हे रस्ते तुम्हाला माहीत आहेत, बारावी सायन्सनंतरही ते खुले असतील. माझं मत विचाराल तर त्याला आधी पॉलिटेक्निक दाखवा. तीन वर्षांचा डिप्लोमा, त्यात वर्कशॉप आणि प्रॅक्टिकल्स, आणि नंतर हवं तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. थिअरी तिथेही आहे, गणितही आहे. ते त्याला आधीच सांगा. दहावीच्या निकालानंतर डिप्लोमाच्या प्रवेशाचं वेळापत्रक भराभर पुढे सरकतं, म्हणून याच आठवड्यात जवळच्या कॉलेजात परवानगी काढून त्याला वर्कशॉप बघू द्या. तुम्ही गेटबाहेर थांबलात तरी चालेल.