वैद्यकीय नियतकालिकांतील लेखांच्या शेवटी दिलेले संदर्भ कितपत विश्वासार्ह असतात? ते मूळ लेख उघडून तपासावेत का?

तपासावेत. संदर्भसूचीतला लेख अस्तित्वात असणे आणि आपण म्हणतो तेच त्या लेखात असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पदव्युत्तर प्रबंध लिहीत असताना, एका प्रतिजैविकाचा पाच दिवसांचा क्रम लहान मुलांनाही पुरेसा ठरतो, असे विधान मी एका लेखातून घेतले होते. त्याला दिलेला संदर्भ हा एक आढावा-लेख निघाला. त्याने दुसऱ्या आढाव्याकडे बोट दाखवले, आणि त्या दुसऱ्याने ज्या मूळ अभ्यासाचा हवाला दिला होता, तो ग्रंथपालांकरवी मागवून वाचला, तेव्हा अठरा वर्षांखालील रुग्ण अभ्यासातून वगळल्याचे त्याच्या कार्यपद्धतीच्या भागात स्वच्छ लिहिलेले होते. खंड, पान, वर्ष सगळे अचूक होते. चूक होती ती फक्त अर्थाची. मी हे मार्गदर्शकांना दाखवले, तर ते म्हणाले, ‘‘पान जुळते ना? मग पुढे चला.’’

अशा ‘पुढे चला’मुळे काय होते, याचे उदाहरण 1980 सालचे आहे. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पाच वाक्यांचे एक पत्र प्रसिद्ध झाले होते : अफूजन्य वेदनाशामके दिलेल्या 11,882 रुग्णांपैकी, पूर्वी व्यसनाचा इतिहास नसलेल्या केवळ चौघांत व्यसन नोंदले गेले. हे सारे रुग्णालयात दाखल असलेले रुग्ण होते. पुढे त्या पत्राचा हवाला सहाशेहून अधिक वेळा दिला गेला आणि बहुतेकांनी ‘रुग्णालयात दाखल’ ही अट गाळली. घरी दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्यांनाही व्यसनाचा धोका नगण्य आहे, या समजुतीला त्यातून आधार मिळत गेला.

आकडाच हवा असेल, तर 2015 मधल्या एका एकत्रित विश्लेषणानुसार वैद्यकीय लेखांतील सुमारे चौथा हिस्सा हवाले मूळ लेखाशी जुळत नव्हते, आणि त्यांतले जवळपास निम्मे गंभीररीत्या चुकलेले होते. नाव किंवा पान चुकणे मी यात धरत नाही. ते काम आता संगणक सांभाळतो. केवळ सारांश वाचून हवाला देणाऱ्याला मी लेखक मानत नाही.

अर्थात, प्रत्येक संदर्भ उघडणे व्यवहारात जमणारे नाही, हेही मान्य आहे. ज्यावर औषधाची मात्रा, कालावधी किंवा रुग्णाचे वय ठरते, तेवढे तरी मुळातून वाचावेत. माझ्या प्रबंधातून ते वाक्य मी काढलेच. मार्गदर्शकांची सही त्यापायी दोन आठवडे अडली.