मोफत इंधनाची व्हाउचर्स : हाती आली, आता वापरायची कशी?

प्रश्न : आम्ही नुकतीच नवी मोटार घेतली. गाडीबरोबर ‘वर्षभराचे इंधन मोफत’ अशी योजना होती आणि त्यानुसार विक्रेत्याने बारा व्हाउचर्सचे पाकीट दिले. प्रत्येक व्हाउचर ५० लिटर पेट्रोलचे असून ते त्या-त्या महिन्यात, एकाच वेळी वापरायचे आहे. पहिल्या महिन्यात पंपावर गेलो तेव्हा टाकी निम्मी भरलेली होती. उरलेले पेट्रोल नंतर मिळणार नाही, असे कळल्यावर मुलाने नोझल आपोआप बंद झाल्यानंतरही थोडे थोडे करून टाकी काठोकाठ भरून घेतली. हे योग्य झाले का? आणि व्हाउचर्स वाया न घालवता वापरण्याचा काही मार्ग आहे का?

उत्तर : आधी मुलाच्या उद्योगाविषयी. नोझल आपोआप बंद होते ते टाकीत थोडी जागा मोकळी राहावी या हिशेबाने. पेट्रोल तापले की प्रसरण पावते. दर अंश सेल्सिअसला साधारण ०.१ टक्का, म्हणजे ५० लिटर पेट्रोल १५ अंशांनी तापले, तर त्याचे आकारमान पाऊण लिटरच्या आसपास वाढते. शिवाय पेट्रोलची वाफ हवेत जाऊ नये म्हणून आधुनिक गाड्यांमध्ये सक्रिय कोळशाने भरलेला एक डबा बसवलेला असतो. तो वाफ शोषण्यासाठी असतो, द्रवरूप पेट्रोल झेलण्यासाठी नव्हे. टाकी काठोकाठ भरत राहिल्यास पेट्रोल त्या डब्यापर्यंत पोहोचते आणि डबा निकामी होऊ शकतो. एकदा असे झाल्याने घाबरण्याचे कारण नाही, पण दरमहा दोन-तीन लिटर मोफत मिळवण्यासाठी ही सवय लावून घेतली, तर दुरुस्तीचा खर्च त्या पेट्रोलच्या किमतीपेक्षा सहज वर जाईल. उरलेले पेट्रोल घरच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून नेण्याचा मोहही टाळावा. तो तर सरळसरळ आगीशी खेळ आहे.

आता हिशेब. गाडीच्या माहितीपुस्तिकेत टाकीची क्षमता किती दिली आहे, ते प्रथम पाहा. ती ४५ लिटर असेल, तर ५० लिटरचे व्हाउचर एका वेळी पूर्ण वापरणे मुळातच अशक्य आहे. दुसरी मर्यादा आपल्या वापराची. गाडी महिन्याला ६०० किलोमीटर धावत असेल आणि लिटरमागे १५ किलोमीटर जात असेल, तर महिन्याची गरज ४० लिटरची. म्हणजे दरमहा १० लिटर, वर्षाकाठी ६०० पैकी १२० लिटर, पाकिटावर छापलेले असूनही आपल्या वाट्याला येणार नाही. हा आपल्या नियोजनातील दोष नाही. योजना आखतानाच असे काही वाया जाईल हे गृहीत धरलेले असते आणि तेवढ्या प्रमाणात ती देणाऱ्याला स्वस्त पडते.

तरीही नुकसान कमी करता येते. व्हाउचर वापरण्याच्या आधीच्या आठवड्यात स्वतःच्या पैशांनी टाकी भरू नये. इंधन संपत आल्याचा दिवा लागण्याच्या सुमारास व्हाउचर घेऊन जावे. मात्र टाकी अगदी कोरडी होऊ देऊ नये, कारण बहुतेक पेट्रोल गाड्यांत इंधनाचा पंप टाकीतच असतो आणि भोवतालच्या इंधनानेच तो थंड राहतो. लांबचा प्रवास ठरलेला असेल, तर तो व्हाउचर वापरल्यानंतर लगेच करावा आणि परतल्यावर पुढच्या महिन्याचे व्हाउचर काढावे. ५० लिटरच्या एका व्हाउचरऐवजी २५ लिटरची दोन देता येतील का, अशी लेखी विचारणा विक्रेत्याकडे आताच करावी; अकरा महिने शिल्लक असताना असा बदल मागणे आणि दोनच उरल्यावर मागणे यांत बराच फरक पडतो. व्हाउचरवर वाहनाचा क्रमांक नसेल आणि अटींमध्ये मनाई नसेल, तर घरातल्या दुसऱ्या गाडीसाठी ते वापरण्यास हरकत नाही, पण त्या गाडीला तेच इंधन लागते ना, हे पाहून घ्यावे.

प्रश्न : गाडीची नोंदणी अजून केलेली नाही. विक्रेता म्हणतो, इंधनाची व्हाउचर्स घ्या किंवा तेवढ्याच रकमेची सूट घ्या. गाडी कर्जावर घेणार आहोत. काय निवडावे?

उत्तर : रक्कम खरोखर तेवढीच असेल, तर सूट घ्यावी. सूट मिळाली की कर्जाचे मुद्दल तेवढ्याने कमी होते. ९ टक्के व्याजाने ५ वर्षांच्या समान मासिक हप्त्यांचे कर्ज असेल, तर एकूण व्याज मुद्दलाच्या जवळजवळ पाव भरते. म्हणून १०० ची सूट प्रत्यक्षात सुमारे १२४ वाचवते. याउलट १०० चे व्हाउचर फार तर १०० चे राहते, तेही सुटे न देणाऱ्या, मुदतीच्या आणि ठरावीक पंपांच्या अटी पाळल्यावर. जिथे नोंदणीचा कर बिलातील किमतीवर आकारला जातो, तिथे सुटीचा आणखी फायदा होतो.

इंधन महागत असेल तर काय, असा प्रश्न आपल्या मनात येईलच. व्हाउचर रकमेचे असेल, तर दर वाढताच त्यात बसणारे लिटर कमी होतात. लिटरचे असेल, तर वाढीचा भार देणाऱ्यावर पडतो. म्हणून लिटरच्या व्हाउचरला थोडे झुकते माप देता येते, पण दर खाली आले की हाच फायदा उलटतो. २००८ च्या मे महिन्यात क्रायस्लर कंपनीने अमेरिकेत नव्या गाडीच्या ग्राहकांना ३ वर्षे गॅलनला २.९९ डॉलर या दराने पेट्रोल देऊ केले होते; वर्षाला १२,००० मैल एवढे धावणे त्यात गृहीत होते. त्या उन्हाळ्यात पेट्रोल ४ डॉलरच्या वर गेले, तेव्हा ग्राहक हुशार ठरले. वर्ष संपेपर्यंत मात्र भाव २ डॉलरच्याही खाली उतरला आणि ती हमी काही काळ नुसती कागदावर उरली. गाडीची निवड अशा पैजेवर अवलंबून ठेवू नये, असे मला वाटते.

व्हाउचर्सची रक्कम सुटीपेक्षा बरीच मोठी असेल, निदान दीडपट, आणि आपण भरपूर गाडी चालवत असाल, तरच दुसरा विचार करावा.

प्रश्न : पंपावरील कर्मचाऱ्याने व्हाउचर स्वीकारलेच नाही. तक्रार कोणाकडे करावी?

उत्तर : व्हाउचर कोणी जारी केले आहे, ते पाठीमागच्या बारीक अक्षरांत पाहा, बहुधा तो गाडीचा विक्रेता, गाडीची कंपनी किंवा इंधन कंपनी यांपैकी एक असतो. तक्रार त्याच्याकडे जाते. एकाच कंपनीची पाटी असलेले सगळे पंप त्या योजनेत सामील असतीलच असे नाही, म्हणून कर्मचाऱ्याशी वाद न घालता सहभागी पंपांची यादी मागवावी. व्हाउचर वापरापूर्वी संदेशाने किंवा संकेतस्थळावर सक्रिय करावे लागते, हेही पुष्कळदा राहून गेलेले असते. नकाराची तारीख आणि पंपाचे ठिकाण लिहून ठेवावे आणि मुदत संपण्यापूर्वीच पत्र पाठवावे. बिलावर ‘इंधन व्हाउचरसह’ असा उल्लेख असेल, तर त्याची प्रत सोबत जोडावी.