वाचकांचे प्रश्न : चर्चची वेबसाइट कोणाच्या हाती?

प्रश्न : आमच्या वसईतल्या चर्चची वेबसाइट वर्डप्रेस या वेबसाइट चालवण्याच्या सॉफ्टवेअरवर आहे. काम पाहणारे पाच जण, सगळे सेवाभावी. एक आयटी कंपनीत, दोघे कॉलेजात. एक ताई सूचना लिहितात आणि निवृत्त गुरुजी फोटो चढवतात. पासवर्ड सगळ्यांचा एकच. नुकतीच थीम (साइटचे रंगरूप ठरवणारा तयार साचा) अपडेट झाली आणि कॉलेजच्या मुलांनी केलेले रंगरूपाचे बदल पुसले गेले. आता आयटीतला तरुण म्हणतो, सगळी साइट रिअ‍ॅक्टमध्ये (कोड लिहून साइट बांधण्याच्या एका तंत्रात) नव्याने करू. काय करावे?

उत्तर : रिअ‍ॅक्टला तूर्त नाही म्हणा. तो तरुण उद्या परदेशी गेला, तर शनिवारी रात्री मिस्साची (चर्चमधल्या उपासनेची) वेळ बदलायला कोण बसणार? दर आठवड्याला साइटला हात लावणार आहेत त्या ताई. त्यांना झेपेल तेच तंत्र ठेवायचे.

आधी तो एकच पासवर्ड मोडीत काढा आणि प्रत्येकाला स्वतंत्र खाते द्या. अ‍ॅडमिन दोघेच : आयटीतला तरुण आणि फादर सांगतील ती एक व्यक्ती. डोमेन (साइटचा नोंदवलेला पत्ता) कोणाच्या खासगी ईमेलवर असेल तर ते चर्चच्या ईमेलवर आणा. नूतनीकरणाची आठवण त्या ईमेलवरच येते. तो ईमेल बंद पडला की डोमेन हातचे जाऊ शकते. ताईंच्या खात्याला ‘एडिटर’चे अधिकार द्या. इथे बरेच जण चुकतात. ‘ऑथर’ला फक्त स्वतःच्या पोस्ट बदलता येतात आणि ‘मिस्साच्या वेळा’ हे असते पान, त्यामुळे ते त्यांना बदलता येत नाही. गुरुजींना मात्र ‘ऑथर’ पुरे. ‘कॉन्ट्रिब्युटर’ केलेत तर त्यांना फोटोच चढवता येणार नाहीत.

मुलांचे बदल पुसले गेले, कारण ते मूळ थीमच्या फाइलींत केले होते आणि अपडेटमध्ये त्या फाइली नव्याने लिहिल्या जातात. चाइल्ड थीम, म्हणजे मूळ थीमवर बेतलेली पण वेगळी ठेवलेली थीम, करा : थीमच्या फोल्डरशेजारी नवा फोल्डर, त्यात स्टाइलशीट (रंगरूपाचे नियम लिहिलेली फाइल), आणि तिच्या माथ्यावर ‘टेम्प्लेट’च्या ओळीत मूळ थीमच्या फोल्डरचे नाव, अक्षरशः तसेच. मुलांनी काम करायचे ते साइटच्या चाचणी प्रतीवर. तिथून खऱ्या साइटवर नेताना फक्त थीमच्या फाइली न्या. डेटाबेस (साइटवरचा सगळा मजकूर जिथे साठतो तो) सुद्धा नेला, तर मधल्या दिवसांत ताईंनी लिहिलेल्या सूचना गेल्याच म्हणून समजा.

आयटीतल्या तरुणाने पाने बनवत बसू नये. रोजचा बॅकअप सर्व्हरबाहेर जातो ना, हे त्याने पाहावे आणि महिन्यातून एकदा तो चाचणी प्रतीवर उतरवून बघावा. न उतरवलेल्या बॅकअपवर भरवसा नको. मुलांचा कोडही त्यानेच तपासावा, पण दुरुस्ती मुलांकडून करून घ्यावी. पुष्कळ इंग्रजी थीममध्ये मथळ्यांना लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधले जादा अंतर) दिलेले असते. त्यामुळे ‘पवित्र मिस्सा’ची शिरोरेघ तुटते आणि अक्षरे सुटी पडतात. ते शून्य करायचे आणि लाइन-हाइट (ओळीची उंची) १.६ च्या आसपास ठेवायची, म्हणजे वेलांट्या-उकार वरखालच्या ओळींना भिडत नाहीत. मोबाइलवर आधी-नंतर शेजारी ठेवून दाखवले की मुले हे विसरत नाहीत.

गुरुजींसाठी दोनच नियम : फोटो १६०० पिक्सेल रुंदीवर आणूनच चढवायचा, आणि पहिल्या कम्युनियनच्या मुलांचा फोटो पालकांच्या लेखी परवानगीशिवाय टाकायचा नाही.

नाताळाआधीचे दहा दिवस आणि झावळ्यांच्या रविवारापासून (ईस्टरच्या आदल्या रविवारापासून) ईस्टरपर्यंत, सुरक्षेची तातडी सोडून, एकही अपडेट नको.

प्रश्न : रविवारी सकाळी ६ ला लावून ठेवलेली सूचना साडेअकराला दिसते. असे का?

उत्तर : साइटचे घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर आहे, ते आपल्या मागे साडेपाच तास चालते. सेटिंग्ज, जनरलमध्ये टाइमझोन ‘कोलकाता’ करा. तरीही दहा-वीस मिनिटे उशीर झाला, तर कारण वेगळे : वर्डप्रेसची वेळेवरची कामे कोणीतरी साइट उघडल्यावरच सुरू होतात, आणि पहाटे साइट उघडणार कोण? होस्टिंगच्या पॅनेलमध्ये दर पाच मिनिटांनी चालणारा क्रॉन जॉब, म्हणजे ही कामे आपोआप सुरू करणारी आज्ञा, लावा.