ड्रग्जचा ठपका असलेल्या खेळाडूला एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) संघाने ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) घ्यावं का?

घ्यावं, पण डोळे उघडे ठेवून. २०१६ च्या ड्राफ्टच्या काही मिनिटं आधी कॉलेजमधून आलेल्या लॅरेमी टन्सिलच्या ट्विटरवर एक व्हिडिओ झळकला: तोंडावर गॅस मास्क, त्यातून गांजाचा धूर. पहिल्या चार-पाचांत जाईल असं वाटणारा पोरगा तेराव्या क्रमांकावर घसरला. मायामीच्या संघाने त्याला घेतलं, आणि २०१९ मध्ये त्याच्यासाठी ह्यूस्टनच्या संघाने पुढच्या ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीच्या दोन निवडी मोजल्या. एका व्हिडिओवरून माणूस जोखणाऱ्या संघांचं तेव्हा नुकसानच झालं.

आता जॉश गॉर्डन, पास झेलणारा खेळाडू. २०१३ मध्ये फक्त १४ सामन्यांत झेललेल्या पासवर १,६४६ यार्ड, लीगमध्ये सर्वाधिक. पुढे ड्रग्जपायी निलंबनामागून निलंबन; २०१५ चा अख्खा हंगाम गेला. त्याच्यासारखा खेळाडू असा हातातून निसटताना पाहून आजही जीव तुटतो.

म्हणून 'कधी ओढली का?' एवढंच विचारून भागत नाही. सुटत नाही का, हे विचारा. लीग आणि खेळाडू संघटनेच्या २०२० च्या करारानंतर नुसत्या गांजाच्या चाचणीवरून निलंबन होत नाही, त्यामुळे जुनी भीती बरीच कमी झाली. व्यसन असेल, तर समुपदेशक आणि उपचारांची तयारी असलेल्या संघानेच त्याला घ्यावं. नुसता दंड ठोकणाऱ्याने त्या पोराच्या वाटेला जाऊ नये.